वाचकांचे प्रश्न: उत्तर ऱ्होनच्या रेड वाइन शेजारी शेजारी चाखताना

फ्रान्सच्या एकाच भागातल्या रेड वाइनची तुलना कशी करावी, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. सगळीकडे उदाहरण उत्तर ऱ्होनचंच घेतलं आहे. त्याचं कारण पहिल्याच उत्तरात आहे.

प्रश्न (पुणे): आम्ही बारा जण एका संध्याकाळी फ्रान्सच्या एकाच भागातल्या रेड वाइन चाखणार आहोत. काहींना बोर्दो हवं आहे, काहींना बर्गंडी. कुठला भाग घ्यावा? बाटल्या किती लागतील आणि मांडणी कशी करावी?

उत्तर: पहिल्या खेपेला दोन्ही नकोत. बोर्दोची वाइन बहुधा कॅबरने सोव्हिन्यों, मर्लो आणि कॅबरने फ्रां यांच्या मिश्रणातून होते आणि प्रत्येक शातोचं, म्हणजे वाइन करणाऱ्या मळ्याचं, प्रमाण निराळं असतं. दोन ग्लासांत फरक जाणवला, तर तो जमिनीमुळे की मर्लो जास्त पडल्यामुळे, हे सांगता येत नाही. बर्गंडीत द्राक्ष एकच, पिनो न्वार. पण तिथे एकेका मळ्याला अनेक मालक, प्रत्येकाचा हात वेगळा आणि किमती अशा, की तुलना करण्याजोग्या पाच बाटल्या जमवतानाच दमछाक होते.

उत्तर ऱ्होन घ्या. व्हिएनपासून व्हालाँसपर्यंत ऱ्होन नदीच्या काठाने गेलेली ही अरुंद पट्टी. इथल्या रेड वाइनला सिरा हे एकच काळं द्राक्ष चालतं. नियमाने थोडं पांढरं द्राक्ष मिसळता येतं: कोत-रोतीमध्ये व्हियोन्ये 20 टक्क्यांपर्यंत (प्रत्यक्षात बहुतेक जण निम्म्याच्याही आत राहतात), एर्मिताज आणि क्रोझ-एर्मिताजमध्ये मार्सान व रूसान 15 टक्क्यांपर्यंत, सें-जोसेफमध्ये 10 टक्क्यांपर्यंत. कॉर्नामध्ये मात्र निव्वळ सिरा. म्हणजे द्राक्षाचा प्रश्न जवळपास मिटला आणि उरली जागा, हंगाम आणि तळघरात वाइन करणाऱ्याचा हात. या तिन्हींतला कुठला फरक कुणाचा, हे ओळखणं हाच अशा संध्याकाळचा खरा उद्योग.

बाटल्या सहा घ्या. ही पाच नावं आणि सुरुवातीला जीभ बसण्यासाठी ‘कोलिन ऱ्होदानियेन’ या साध्या दर्जाची एक सिरा. सगळ्या एकाच सालच्या हव्यात, ही अट सोडू नका. पहिल्या वेळी शक्यतो एकाच घराण्याच्या घ्या; शापुतिये, जाबुले आणि देला ही तिन्ही घराणी या पाचही नावांची वाइन करतात. यात तोटा आहे: मोठ्या घराण्याची स्वतःची शैली सगळ्या बाटल्यांवर पसरते. पण पाच नावं पाच वेगळ्या मळेवाल्यांची घेतली, तर एकाने देठासकट घड आंबवलेले, दुसऱ्याने नवं ओक वापरलेलं, आणि तुम्ही त्या फरकाला ‘माती’ म्हणून मोकळे होता. ही चूक सर्रास होते. निरनिराळ्या मळेवाल्यांकडे दुसऱ्या बैठकीला वळा.

हिशेब असा: 750 मिलीच्या बाटलीतून बारा जणांना प्रत्येकी 50 मिली दिली की 600 मिली जाते. उरलेली 150 मिली बूच खराब निघालं की नाही ते तपासायला, पुन्हा चाखायला आणि दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सहा वाइनचे 50 मिली म्हणजे माणशी 300 मिली. गिळत गेलात तर चौथ्या ग्लासपासून मतं ढिली पडतात, तेव्हा प्रत्येकासमोर थुंकायला उंच कागदी पेला ठेवा आणि त्यात लाजण्यासारखं काही मानू नका. गाडी चालवून घरी जाणाऱ्यांनी तर थुंकायचंच.

ग्लास सगळे एकाच आकाराचे हवेत. चाखण्यासाठी आयएसओचा प्रमाणित ग्लास मिळतो, साधारण 215 मिलीचा, तोंडाशी निमुळता. तो पुरेसा आहे. बारा जणांना सहा-सहा म्हणजे 72 ग्लास होतात. तेवढे नसतील तर तीन-तीनच्या दोन फेऱ्या करा: पहिल्या फेरीत साधी सिरा, क्रोझ-एर्मिताज, सें-जोसेफ, दुसरीत कोत-रोती, एर्मिताज, कॉर्ना. एकेक ग्लास देऊन पुढे जाऊ नका. तुलना शेजारी ठेवल्याशिवाय होत नाही, आठवणीतली वाइन नेहमी फसवते. कपाटातून काढलेल्या ग्लासला लाकडाचा आणि साबणाचा वास असतो. गरम पाण्याने धुऊन उपडे न ठेवता वाळवा आणि पहिल्या ओतण्याआधी चमचाभर वाइनने खंगाळून ती फेकून द्या.

खोलीबद्दल: उदबत्ती, धूप, अत्तर, मोगऱ्याचा गजरा, स्वयंपाकघरातली फोडणी, यातलं काहीही दरवळत असेल तर सिराच्या व्हायोलेटसारख्या फुलांच्या वासाला जागाच उरत नाही. खायला साधा पाव आणि पाणी. चीज नको, कारण त्यातलं प्रथिन आणि चरबी टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारा घटक) झाकतात आणि सगळ्याच वाइन गोजिऱ्या वाटू लागतात. चकली-चिवडा चाखून झाल्यावर.

एर्मिताज आणि कोत-रोती खिशाला परवडत नसतील तर सरळ गाळा. त्याऐवजी सपाटीवरच्या ‘शासी’ भागातली एक क्रोझ, जेर्व्हांच्या ग्रॅनाइट उतारावरची एक क्रोझ, आणि दोन वेगवेगळ्या गावांच्या सें-जोसेफ घ्या. आमच्या मते शिकण्यासाठी हा संच महागड्या संचापेक्षा सरस आहे, कारण लेबलाचं दडपण नसतं.

प्रश्न (लिऑन, फ्रान्स): मी नोकरीनिमित्त लिऑनला राहते. या गावांना जाऊन वाइन चाखायची आहे. जागेमुळे नेमका काय फरक पडतो, आणि तो ग्लासात कसा ओळखायचा?

उत्तर: तुम्ही भाग्यवान आहात, गाडीने तासाभरात तॅं-लेर्मिताज स्टेशन येतं. तिथे उतरून आधी वाइनच्या दुकानात न जाता नदीकडे चला. तॅं आणि समोरचं तूर्नों यांना जोडणारा पादचाऱ्यांचा झुलता पूल आहे, मार्क सेगँ यांच्या नावाचा. पुलाच्या मध्यावर उभं राहा. तूर्नोंच्या बाजूची, म्हणजे उजव्या काठाची टेकडी सें-जोसेफची. तिचं तोंड पूर्वेकडे आहे. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपार कलली की उतार सावलीत जातो. तॅंच्या डोक्यावरची टेकडी एर्मिताजची. नदी इथे वळण घेते, त्यामुळे या टेकडीचं तोंड थेट दक्षिणेला आहे आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात भाजते. अंतर हाकेचं, खडक दोन्हीकडे बराचसा ग्रॅनाइट, द्राक्ष तेच. पण एकीकडची वाइन सडसडीत आणि आंबटपणाला चटपटीत, तर दुसरीकडची दाट, लांब आणि वर्षानुवर्षं टिकणारी.

एर्मिताजची टेकडी जेमतेम 140 हेक्टरांच्या आतबाहेर, पण आतून एकसंध नाही. पश्चिमेकडचा ‘बेसार’ हा भाग ग्रॅनाइटचा. तिथल्या वाइनला कणा आणि घट्ट टॅनिन. शेजारच्या ‘मेआल’मध्ये गोटे आणि चुनखडीचा अंश, जागा ऊबदार, म्हणून फळ जास्त पिकलेलं आणि वाइन भरदार. पायथ्याशी ‘ग्रेफियो’, चिकणमातीचा, मऊ वाइन देणारा. शाव्ह यांच्यासारखं घराणं असे अनेक तुकडे वेगवेगळे आंबवून मग एकत्र करतं. शापुतिये ते वेगळे बाटलीबंद करतात. त्यांची ‘पाव्हियों’ बेसारची आणि ‘मेआल’ मेआलची. या दोन कुठे ग्लासने मिळाल्या तर पैसे वाचवू नका, टेकडीचा नकाशा जिभेवर कळतो.

उत्तरेला सुमारे 50 किलोमीटरवर, आंप्वी गावाभोवती कोत-रोती. इथे ग्रॅनाइटऐवजी मुख्यतः अभ्रकाचा शिस्ट खडक. ‘कोत ब्रून’ बाजूचा खडक काळपट, लोहयुक्त आणि वाइन कडक. ‘कोत ब्लाँद’ बाजूचा फिकट आणि वाइन नाजूक. उतार इतके उभे की यंत्र चालत नाही. वेली लाकडी खुंटांना बांधलेल्या असतात, काम हाताने आणि दगडी बांधांवरून. थंडावा जास्त असल्याने वास आधी येतो आणि वजन नंतर: व्हायोलेट, रासबेरी, काळं ऑलिव्ह, धुरावलेलं मांस. टॅनिन बारीक, रेशमी. काही मळेवाले व्हियोन्येचे घड सिराबरोबरच आंबवतात. पांढरं द्राक्ष मिसळल्यावर रंग फिका होईल असं वाटतं, पण एकत्र आंबवलं की त्यातले घटक सिराच्या रंगद्रव्याशी बांधले जातात आणि रंग उलट पक्का होतो. गिगाल घराण्याच्या दोन वाइन यासाठी अभ्यासण्यासारख्या आहेत: ‘ला मुलीन’ कोत ब्लाँदची, सुमारे 11 टक्के व्हियोन्येसह, ‘ला लांदोन’ कोत ब्रूनची, निव्वळ सिरा. दोन्ही नव्या ओकमध्ये साधारण 42 महिने राहतात. घराणं तेच, लाकूड तेच, जागा आणि व्हियोन्ये तेवढे वेगळे. किंमत मात्र फार आहे.

दक्षिणेच्या टोकाला, व्हालाँसच्या समोर, कॉर्ना. एकाच गावाचा हा मळा टेकड्यांच्या कुशीत अर्धवर्तुळात बसला आहे. उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा अडतो, ऊन साठतं, द्राक्ष लवकर पिकतं. खाली ग्रॅनाइटची भुसभुशीत वाळू. तरुण कॉर्ना हिरड्यांना खरखरीत लागते; ऑलिव्ह, काळी मिरी आणि लोखंडासारखी चव हे तिचं वळण. पूर्वी तिला अडाणी म्हणून हिणवत. आता तसं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

क्रोझ-एर्मिताज हा टेकडीभोवतीच्या अकरा गावांचा सगळ्यांत मोठा विभाग. दक्षिणेकडची सपाटी गोट्यांची, तिथे यंत्राने तोडणी होऊ शकते आणि वाइन मऊ, लवकर पिण्याजोगी. उत्तरेकडे जेर्व्हां, एरोम, सेर्व्ह या गावांत ग्रॅनाइट. एकाच लेबलखाली दोन वेगळ्या वाइन आहेत, म्हणून मागच्या बाजूचं गावाचं नाव वाचा. सें-जोसेफचंही तसंच: 1956 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा सहा गावं होती, नंतर ती 26 झाली आणि पट्टा उत्तरेला कोंद्रियोपर्यंत ताणला गेला. मोव्ह, तूर्नों, सें-जां-द-म्युझोल ही मूळची गावं शोधा.

ग्लासात ओळखताना टॅनिन तोंडात कुठे पकडतं ते लिहा. कोत-रोतीचं बहुधा जिभेवर पसरतं, कॉर्नाचं पुढच्या हिरड्यांना धरतं, एर्मिताजचं गालांच्या आतून येतं आणि उशिरापर्यंत राहतं. हा ढोबळ नियम आहे, पण वासांच्या याद्यांपेक्षा जास्त खात्रीचा.

जानेवारीत आंप्वीला आणि फेब्रुवारीत तॅंला वाइनची जत्रा भरते. तिथे एका छताखाली पुष्कळ मळेवाले भेटतात. एक सावधगिरी: तॅंमध्येच व्हालरोना चॉकलेटचा कारखाना आहे आणि मोह होतोच. चॉकलेट परतताना खा. कोको तोंडात असताना सगळ्या सिरा सारख्याच आंबट लागतात.

प्रश्न (ठाणे): चाखताना सगळे म्हणत होते, काळ्या मिरीचा वास येतो. मला काहीच आलं नाही. माझं नाक कमी पडतं का?

उत्तर: नाक तयार नाही असा त्याचा अर्थ लावू नका. सिरामधला मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. खऱ्या काळ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये ते सिरामध्ये दाखवून दिलं आणि त्याच कामात असंही दिसलं, की साधारण पाचातल्या एकाला ते अगदी मोठ्या प्रमाणातही कळत नाही. त्यामुळे ते सरावाच्या कमतरतेचं लक्षण मानू नका. बाकीच्यांना मात्र एक लिटर पाण्यात काही अब्जांश ग्रॅम असलं तरी पुरतं.

घरी तपासणं सोपं आहे. ताजी मिरी भरड कुटा आणि वास घ्या. झणझणीतपणा तुम्हालाही जाणवेल, तो दुसऱ्या घटकांचा. पण त्यामागे लाकडासारखा, कोरडा, ‘मिरीचाच’ म्हणावा असा वास इतरांना येतो आणि तुम्हाला सपाट वाटतो, तर तुम्ही त्या पाचातल्या एकांपैकी असण्याची शक्यता आहे. अशांनी तुलनेत आंबटपणा, टॅनिन आणि शेवट किती लांबतो यांवर भर द्यावा. गटात एक-दोन असे चाखणारे असणं फायद्याचंच, कारण मिरीच्या नादात बाकीच्यांचं फळाकडे दुर्लक्ष होतं.

प्रश्न (नाशिक): आमच्याकडे शिराझची बाग आहे. आपली वाइन या फ्रेंच वाइनच्या रांगेत लपवून ठेवली तर चालेल का? आणि आपल्याकडे मिरीचा वास कमी का येतो?

उत्तर: जरूर ठेवा. शिराझ आणि सिरा हे एकच वाण. 1998 मध्ये डीएनए तपासणीत तिचे आईबाप मोंद्यूझ ब्लांश आणि द्युरेझा ही दोन फ्रेंच वाणं ठरली, तेव्हा मूळ ऱ्होनच्याच आसपासचं.

मिरीचा प्रश्न तापमानाशी जोडलेला आहे. रोटंडोन सालीत असतं आणि मण्यांत पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ होऊन रंगू लागल्यावर, साठत जातं. मण्याचं तापमान 25 अंशांच्या वर जास्त वेळ राहिलं की ते कमी होतं. ऱ्होनमध्ये पाणी उतरल्यापासून सप्टेंबरच्या तोडणीपर्यंत दिवस लहान आणि थंड होत जातात. नाशिकला खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि तोडणी जानेवारी ते मार्च; म्हणजे नेमका पिकण्याच्या काळात पारा चढत जातो. जितकी तोडणी फेब्रुवारीच्या शेवटाकडे सरकेल तितकं फळ जामसारखं आणि मिरी नाहीशी. त्यात रंग यावा म्हणून घडाभोवतीची पानं खुडली, तर ऊन थेट मण्यावर पडून उरलीसुरली मिरीही जाते. दुपारच्या बाजूची पानं ठेवा, सकाळच्या बाजूची हलकी विरळणी करा. शक्य असेल तिथे फळछाटणी लवकर घ्या आणि साखर 24 ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) ताणण्याऐवजी एखादा भाग त्याआधी तोडून वेगळा आंबवून बघा. आपली वाइन कॉर्नासारखी व्हावी हा आग्रह मात्र नको. नाशिकची माती आणि हिवाळा वेगळा आहे. त्यातून जे चांगलं येतं ते स्वच्छ यावं, एवढी अपेक्षा रास्त.

रांगेत लपवताना बाटली चुगली करते. ऱ्होनची बाटली उतरत्या खांद्यांची. आपल्याकडे बऱ्याच बाटल्या ताठ खांद्यांच्या किंवा पेचाच्या झाकणाच्या. सगळ्या वाइन सारख्याच काचेच्या सुरयांत ओतून क्रमांक टाका. साल मात्र जुळवा. आपली दोन वर्षांची आणि त्यांची सहा वर्षांची अशी कुस्ती लावू नका.

प्रश्न (नागपूर): कुठली सालं घ्यावीत?

उत्तर: सध्या सहज तुलना होते ती 2019 ते 2022 ची. 2019 उष्ण आणि भरगच्च. 2020 लवकर पिकलेली, पण त्यामानाने ताजी. 2021 मध्ये एप्रिलच्या 7 आणि 8 तारखेच्या रात्री हिमतडाखा बसला, पुढे उन्हाळा थंड-ओला गेला. वाइन हलक्या, अल्कोहोल कमी आणि मिरी भरपूर. 2022 दुष्काळी आणि उष्ण.

पुष्कळ जण 2021 ला नाकं मुरडतात. आम्हाला ते साल तुलनेसाठी मोलाचं वाटतं. एकाच मळेवाल्याची सें-जोसेफ 2020 आणि 2021 शेजारी ठेवा. दोन सालांतला फरक कित्येकदा दोन गावांतल्या फरकापेक्षा मोठा निघतो, आणि हे एकदा बघितलं की मिश्र सालांच्या बाटल्या मांडून गावांची तुलना करायची इच्छा राहत नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी’ असं वाचलं. आमची खोली उन्हाळ्यात 34 अंशांवर असते. किती थंड करू? आणि आधी किती वेळ ओतून ठेवू?

उत्तर: तो सल्ला थंड देशातल्या जुन्या दगडी घरांचा आहे. उत्तर ऱ्होनची सिरा ग्लासात 15 ते 17 अंशांना चाखा. 25 च्या वर गेली की अल्कोहोल नाकात चढतो, फळ शिजल्यासारखं लागतं आणि टॅनिन सैल पडतं; पाचही नावं एकसारखी जड वाटतात. 12 च्या खाली उलट: वास मिटतो आणि तुरटपणा बोचतो, मग बिचाऱ्या कॉर्नावर कडूपणाचा ठपका बसतो.

तीस अंशांची बाटली बर्फ आणि पाणी समप्रमाणात भरलेल्या बादलीत मानेपर्यंत बुडवली की 12 ते 15 मिनिटांत 16 च्या जवळ येते. नुसत्या बर्फात ठेवू नका. पाणी नसलं की काचेला बर्फ जेमतेम टेकतो आणि वेळ दुप्पट लागतो. फ्रिजमध्ये दीड ते दोन तास धरा. गरम खोलीत ग्लासातली वाइन झपाट्याने तापते, म्हणून ओतताना बाटलीत 14 अंश असू द्या. दांड्याचा साधा थर्मामीटर घ्या आणि सगळ्या बाटल्या एका अंशाच्या आत आणा. सहातली एक जरी चार अंशांनी गरम राहिली तर तुम्ही तापमान चाखताय, वाइन नाही.

सुरईत ओतण्याबद्दल: पाच-सात वर्षांच्या आतली एर्मिताज आणि कॉर्ना दीड-दोन तास, कोत-रोती तासभर, सें-जोसेफ आणि क्रोझ अर्धा तास. तुलना करताना मात्र सगळ्यांना सारखाच वेळ द्या, एक तास. पंधरा वर्षांवरची बाटली आदल्या दिवशीपासून उभी ठेवा, साका तळाशी बसू द्या आणि चाखण्याच्या अगदी आधी, मानेखाली दिवा धरून, एका धारेत ओता. गढूळ धार दिसली की थांबा.

प्रश्न (डोंबिवली): एका बाटलीला घोड्याच्या तबेल्यासारखा वास होता. विक्रेता म्हणाला, ‘ऱ्होन असंच असतं.’ खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं. सिराला स्वतःचा मांसल, धुरकट, ऑलिव्हचा वास असतो आणि तो या भागाचा गुण आहे. तबेला, घामट चामडं, दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा वास, हे ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ‘ब्रेट’) या यीस्टचं काम. ओळख अशी: मांसल वासामागे फळ शाबूत असतं आणि ग्लास हलवल्यावर फुलं-फळं वर येतात. ब्रेटमध्ये फळ दबतं, हवेने वास जात नाही आणि घोटाचा शेवट आखूड, धातूसारखा कोरडा होतो. अस्वच्छ जुनी पिंपं, कमी आंबटपणा आणि अपुरं सल्फर ही त्याची कारणं. किंचित असेल तर काहींना आवडतं. तुलनेत मात्र तो तळघराचा खुणेचा शिक्का आहे, गावाचा नाही.

सिरा आणखी एका गोष्टीला बळी पडते. आंबताना तिला हवा आणि नत्र कमी पडलं की सडक्या अंड्याचा, रबराचा किंवा पेटवलेल्या काडीचा वास येतो. अशी वाइन टाकून देण्याआधी जोराने सुरईत ओता आणि वीस मिनिटं थांबा. तरी न गेल्यास एका ग्लासात घासून स्वच्छ केलेली तांब्याची जाड तार दोन मिनिटं फिरवा. तांबं त्या गंधकाच्या संयुगांना बांधून टाकतं. वास गेला तर निदान पक्कं. तो ग्लास तपासणीपुरता, प्यायचा नाही.

ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास म्हणजे खराब बुचातून वाइनमध्ये उतरणारं टीसीए नावाचं संयुग. याला इलाज नाही, हवेने तो वाढतोच. धोका सौम्य टीसीएचा: कुबट वास येत नाही, फक्त फळ गायब होतं, आणि आपण त्या गावाला ‘निरस’ म्हणून टाकतो. म्हणून ओतण्याआधी यजमानांपैकी दोघांनी प्रत्येक बाटली चाखावी. आणि भारतात आलेल्या बाटल्यांचं बूच काढण्यापूर्वी नीट बघा. बूच वर सरकलेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ दिसला, तर बाटली कुठेतरी उन्हात तापली आहे. ती रांगेत लावू नका.

प्रश्न (इंदूर): शंभरपैकी गुण द्यावेत का? आमच्यात गुणांवरून वाद होतात.

उत्तर: गुण नकोत, क्रम लावा आणि त्याआधी एक साधी परीक्षा घ्या. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजाने तिनांतून एकदा बरोबर येतंच. बाराजणांपैकी किमान आठांनी, दहांपैकी सातांनी किंवा सहांपैकी पाचांनी बरोबर ओळखलं, तरच फरक खरोखर जाणवतो असं म्हणा. सपाटीवरची क्रोझ आणि सें-जोसेफ यांच्यावर हे करून बघा. या परीक्षेत जो फरक टिकत नाही, त्यावर वाद घालण्यात हशील नाही.

क्रम लावताना प्रत्येकाने वेगळ्या ग्लासपासून सुरुवात करावी. टॅनिन तोंडात साचत जातं, त्यामुळे सगळ्यांनी एकाच क्रमाने चाखलं तर शेवटचा ग्लास विनाकारण तुरट ठरतो. दोन घोटांच्या मध्ये पाणी, पावाचा तुकडा आणि मिनिटभर विश्रांती. पहिल्या फेरीत बोलायचं नाही, लिहायचं. गटातल्या मोठ्या आवाजाच्या माणसाने एकदा ‘जांभूळ’ म्हटलं की सगळ्यांना जांभूळच लागतं.

प्रश्न (पणजी): उरलेली वाइन टिकते का?

उत्तर: दोन-तीन दिवस. लहान बाटली काठोकाठ भरून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये उभी ठेवा. अर्धी रिकामी मूळ बाटली नुसतं बूच लावून ठेवली तर दुसऱ्या संध्याकाळीच पडते. चोवीस तासांनी पुन्हा 16 अंशांवर आणून आदल्या दिवसाच्या नोंदींसोबत चाखा. तरुण कॉर्ना आणि एर्मिताज बहुधा उमललेल्या सापडतात, सपाटीवरची क्रोझ मंदावलेली. आदल्या दिवशी लावलेल्या क्रमात या दोन नोंदी वेगळ्या शाईने जोडा.